गुटगुटीत अक्षराचं काम

‘यवतमाळ’ हा शब्द जाड, गोलाकार अक्षरात लिहायला घेतला तर तो विनातक्रार बसतो. पाच अक्षरं, डोक्यावर मात्रा नाही, वेलांटी नाही, रफार नाही, पायाशी उकार नाही. मध्ये एक काना तेवढा. य, व, त, म या चारही अक्षरांना उजवीकडे सरळ दंड आहे आणि शेवटी ळ ची दोन वेटोळी. सगळी शाई शिरोरेषा आणि तळरेषा यांच्यामध्येच राहते, त्यामुळे पाटी एक फूट उंचीची असेल तर जवळजवळ ती सगळी उंची अक्षरांच्या अंगाला मिळते. आता त्याच पाटीवर जिल्ह्यातल्या इतर तालुक्यांची नावं घालून पाहा. ‘आर्णी’मध्ये ण च्या डोक्यावर दुसरी वेलांटी आणि रफार एकाच जागेसाठी भांडतात. ‘पुसद’ला पायाशी उकारासाठी जागा सोडावी लागते. ‘दिग्रस’मध्ये ग ला जोडलेली र ची तिरकी रेघ दंडाच्या पायथ्याशी घुसते. ‘घाटंजी’ला अनुस्वारही हवा आणि वेलांटीही. पाटी तेवढीच, पण या नावांच्या अक्षरांना मिळणारी उंची बरीच कमी. म्हणजे एकच ठळक अक्षरवळण एकाच जिल्ह्यात एका गावाला शोभतं आणि पलीकडच्या गावाला अडचणीत आणतं.

ठळक, गोल टोकांच्या, फुगीर अक्षराबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मतं आहेत. मुद्रणाची शिस्त मानणाऱ्या मंडळींना ते पोरकट वाटतं; दुकानदाराला, मंडळाच्या कार्यकर्त्याला आणि डीटीपीवाल्याला ते हक्काचं वाटतं. दोन्ही मतं अक्षराच्या दिसण्यावर थांबतात, त्याच्या कामाकडे जात नाहीत. हे अक्षर नाव घेण्यासाठी आहे, मजकूर सांगण्यासाठी नाही, असं माझं म्हणणं आहे. एखाद-दुसरा शब्द, लांबून, मोठ्या आकारात आणि आपुलकीच्या सुरात उच्चारायचा असेल तर देवनागरीत त्याच्या तोडीचं दुसरं अक्षर क्वचितच सापडेल. त्यापलीकडे त्याला राबवलं की ते तुटतं. हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. देवनागरीची घडणच तशी आहे, आणि ती जरा जवळून पाहायला हवी.

रोमन लिपीतलं मोठं अक्षर जाड करायचं तर ते रुंदीत बाहेर पसरवता येतं. देवनागरीत ही मुभा फार थोडी. वरून शिरोरेषा, तिच्यावर मात्रांचा मजला, खाली उकाराचा मजला, उजवीकडे दंड आणि त्याला खेटून पुढचं अक्षर. जाडी वाढली की ती आत येते, अक्षराच्या पोटात. व चं पोट, ब च्या पोटातली तिरकी रेघ, ण मधली पोकळी, श ची गाठ – अक्षर ओळखू येतं ते या पांढऱ्या जागांमुळे. फ्लेक्स छापताना सरसकट वापरली जाणारी युक्ती म्हणजे साधं अक्षर घ्यायचं आणि त्याला त्याच रंगाची जाड आउटलाइन मारायची. व चं पोट दहा मिलिमीटर रुंद असेल आणि आउटलाइन दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर आत आली, तर उरतात चार. बाहेरून अक्षर थोडंसंच वाढलेलं दिसतं, आतून मात्र निम्म्याहून अधिक बुजलेलं असतं. वर ही आउटलाइन डोळे मिटून सगळीकडे सारखीच फिरते. जिथे जागा आहे तिथेही आणि नाही तिथेही.

सगळ्यात मोठी पंचाईत शिरोरेषेतल्या फटींची. भ आणि म, ध आणि घ या जोड्यांतला फरक डाव्या बाजूच्या छोट्याशा वळणावर आणि शिरोरेषेच्या त्या तुटकेपणावर उभा आहे. फट बुजली की ‘बाभुळगाव’चं ‘बामुळगाव’ होतं, आणि यवतमाळकरांना मुंबई-नागपूरची गाडी पकडायला ज्या स्टेशनावर जावं लागतं त्या धामणगावचं घामणगाव होतं. (मे महिन्यात ते फारसं चुकीचंही वाटू नये.) मराठीपुरती आणखी एक अडचण आहे. ‘वऱ्हाड’ लिहिताना ह च्या अलीकडे जो अर्धा र येतो, तो मुळातच बारीक, वाकडी रेघ आहे. बाकी सगळी अक्षरं गुटगुटीत आणि ही एक रेघ सडपातळ ठेवली तर ती चुकून पडल्यासारखी दिसते. तिलाही जाड केलं तर ती ह ला चिकटते. हिंदीपुरता विचार करून केलेल्या ठळक अक्षराची परीक्षा घ्यायची असेल तर त्याच्याकडून ‘वऱ्हाडी’ हा एक शब्द लिहून घ्यावा.

इथे गोलाईचं खरं काम कळतं. गोलाई ही नटवेगिरी आहे असं मानलं जातं, पण जाड अक्षरात तिला यांत्रिक उपयोग आहे. दोन जाड रेघांची चौकोनी टोकं समोरासमोर आली की मधली फट सरळ चिरेसारखी राहते आणि लांबून दिसत नाही. तीच टोकं गोल केली की फट वर आणि खाली रुंदावते, तिथे पांढऱ्याचे दोन छोटे त्रिकोण तयार होतात आणि डोळ्याला ‘इथे रेघ तुटली आहे’ हे समजतं. बाहेरचा कोपरा गोल केला की अक्षराला पांढरं परत मिळतं. आतला कोपरा गोल केला की उलट होतं, पोटातलं पांढरं जातं. म्हणून चांगल्या अक्षरात बाहेरची गोलाई सढळ असते आणि आतली मोजून-मापून. आउटलाइन मारून फुगवलेल्या अक्षरात हा विवेक नसतो. दोन्ही प्रकार लोक ‘बोल्ड राउंड’ म्हणूनच ओळखतात, पण एक आखलेलं असतं आणि दुसरं सुजलेलं.

या सगळ्याचा अगदी टोकाचा प्रयोग मराठी माणसांच्याच हातून झाला आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मोदक’ हा फॉन्ट साधारण २०१५ च्या सुमारास खुल्या परवान्याखाली सर्वांना उपलब्ध झाला. त्याची देवनागरी सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी आखली, रोमन नूपुर दातये यांनी. देवनागरीतल्या सर्वांत लठ्ठ अक्षरांपैकी हे एक. त्यात पोटं जवळपास नाहीतच. त्यांच्या जागी बारीक, वळणदार पांढऱ्या चिरा आहेत. शब्द म्हणजे एक काळा ठसा आणि अक्षराची ओळख त्या चिरांच्या भरवशावर. जाडी कितीही वाढली तरी चीर किती रुंद राहिली पाहिजे आणि कुठून वळली पाहिजे हे आधी ठरवून बाकीचं काळं तिच्याभोवती भरलेलं आहे, असं त्याकडे पाहताना जाणवतं. उंचीच्या मानाने चीर इतकी अरुंद की तोच शब्द लहान केला तर चिरा मिटतात आणि शाईचा डाग उरतो. मोठ्या आकारात मात्र तो शब्द भरभक्कम आणि हसरा दिसतो. कळंबच्या चिंतामणीच्या उत्सवाच्या कमानीवर तो शोभेल. त्याच उत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत घालाल तर महाप्रसाद किती वाजता हे कुणालाच कळणार नाही.

मोदकची ही मर्यादा म्हणजे त्याचा दोष, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. एक टाइपचाच पुढचा ‘बलू’ हा फॉन्ट पाहिला की हेतू स्पष्ट होतो. बलूही गोल, ठळक आणि अस्वलासारखा ऐसपैस, पण त्याची पोटं उघडी ठेवलेली आहेत. २०१९ मध्ये त्याची ‘बलू २’ ही आवृत्ती आली तेव्हा एका जाडीच्या जागी पाच जाड्या मिळाल्या. म्हणजे अक्षर जसजसं नावाकडून मजकुराकडे सरकायला लागलं तसतशी त्याची जाडी कमी करावी लागली आणि पोट मोकळं करावं लागलं. आखणाऱ्यांनी कृतीतूनच दिलेला हा पुरावा आहे. बलूचं दुसरं वैशिष्ट्य असं की तो अनेक भारतीय लिप्यांत आहे आणि देवनागरी सोडून बाकी लिप्यांत त्याच्या नावापुढे त्या भाषेतलं भावाचं नातं लागतं: गुजरातीत भाई, बंगालीत दा, तमिळमध्ये तंबी, तेलुगूत तम्मुडू.

तेलुगूचा उल्लेख यवतमाळच्या संदर्भात परका नाही. केळापूर तालुक्यातलं पाटणबोरी मागे टाकून पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद जिल्हा लागतो आणि महामार्गावरच्या पाट्यांची लिपी बदलते. वणी, पांढरकवडा, झरी जामणी या पट्ट्यात तेलुगू बोलणारी वस्ती जुनी आहे. तेलुगू अक्षर जन्मतःच गोल. ताडपत्रावर टोकदार लेखणीने आडवी सरळ रेघ ओढली तर पान चिरतं, म्हणून दक्षिणेकडच्या लिप्या वळणांकडे झुकल्या, असं लिपीचे अभ्यासक सांगत आले आहेत. तिथे गोलाकार ठळक अक्षर करणं म्हणजे लिपीच्या स्वभावाबरोबर जाणं. देवनागरीत शिरोरेषा आडवी, दंड उभा, दोन्ही सरळ. गोलाई फक्त पोटाला आणि टोकांना देता येते. त्यामुळे देवनागरीतलं गोलाकार अक्षर नेहमी अर्धंच गोल असतं, आणि त्याचा सगळा डौल सरळ रेघा आणि वळणं यांच्या ताणातून येतो. तेलुगू पाटी शेजारी ठेवून आपली अक्षरं तिच्याइतकी गोल करण्याचा हट्ट धरला तर शिरोरेषेचा सापासारखा वळवळता पट्टा होतो. असे प्रयोग फ्लेक्सवर दिसतातही.

आता आक्षेपांकडे. पहिला असा की हे वळण उसनं आहे. देवनागरीचं अक्षर बोरूतून आलं, तिरक्या कापाच्या टाकाने त्यात जाड-बारीक रेघांचा खेळ आणला. एकसारख्या जाडीची गोल टोकांची रेघ ही अमेरिकी जाहिरातींची नक्कल. या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. ऑस्वाल्ड कूपर या शिकागोच्या आखणीकाराचा ‘कूपर ब्लॅक’ १९२२ मध्ये बाजारात आला आणि फुगीर, ऊबदार ठळक अक्षराचा तो जगभर नमुना ठरला. बीच बॉइजच्या १९६६ च्या ‘पेट साउंड्स’च्या मुखपृष्ठापासून ईझीजेटच्या विमानांपर्यंत तो पोचला. त्याचे पडसाद आपल्याकडच्या जाहिरातींत उमटणं स्वाभाविक होतं. पण बोरू हे देवनागरीचं एकमेव हत्यार कधीच नव्हतं. धूळपाटीवर पोरं बोटाने अक्षर गिरवत, ते बोट जी रेघ काढतं ती सगळीकडे सारख्या जाडीची आणि दोन्ही टोकांना गोलच असते. पाटीवरची पेन्सिल, फळ्यावरचा खडू, दारातल्या रांगोळीतलं ‘सुस्वागतम्’ यांची रेघही तशीच. बोरूचं अक्षर पोथीत आणि दप्तरात राहिलं; बहुसंख्य माणसांच्या हाताला आधी ओळख झाली ती गोल टोकांच्या रेघेची. भिंतीवर, शटरवर आणि ट्रकच्या फळक्यावर पेंटरच्या ब्रशने तिलाच पुढे नेलं.

छापखान्यात मात्र ही रेघ उशिरा शिरली, आणि त्याला कारण होतं. जावजी दादाजींच्या निर्णयसागराने एकोणिसाव्या शतकात देवनागरी खिळ्यांना जो नेटकेपणा दिला तो प्रामुख्याने ग्रंथाच्या अक्षराचा होता. जुळाऱ्यापुढच्या केसांत शेकडो खिळे, मात्रा-वेलांट्या वेगळ्या. त्या ओतीव शिशाच्या तुकड्यांत लठ्ठ अक्षर आणि त्यावर लठ्ठ वेलांटी बसवणं म्हणजे खिळ्यावर खिळा चढणं. म्हणून मोठं शीर्षक हवं असलं की ते हाताने काढून त्याचा ब्लॉक करत. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी प्रत्येक नाटकाचं नाव वेगळ्या अक्षरात काढलं आणि त्या नावाच्या अक्षरांवरूनच प्रेक्षक नाटक ओळखू लागले. शेडगे काय किंवा तालुक्याच्या गावचा पेंटर काय, दोघांनाही एक सवलत होती: त्यांना एकच नाव काढायचं होतं. ‘आर्णी’ लिहिताना रफार थोडा उजवीकडे सरकवला, वेलांटी जरा बसकी केली, काम झालं. फॉन्टला ही सवलत नाही. पुढे कोणतं अक्षर येणार हे त्याला माहीत नसतं, म्हणून प्रत्येक शेजाराची तजवीज आधीच करून ठेवावी लागते. संगणकावरच्या सुरुवातीच्या मराठी फॉन्टांत जेमतेम दोन-अडीचशे घरं असायची; वेलांट्यांच्या रुंदीचे फार तर दोन-तीन प्रकार. अरुंद र ला आणि रुंद ण ला जवळपास तीच वेलांटी. सडपातळ अक्षरात ते खपून जाई, लठ्ठ अक्षरात वेलांटी एकतर उघडी पडे किंवा शेजाऱ्याच्या डोक्यावर आपटे. युनिकोड आणि त्याच्यासोबतच्या तंत्राने घरांची ही टंचाई संपवली, अक्षरागणिक वेगळी वेलांटी देता येऊ लागली, आणि मगच पेंटरच्या हातातलं हे अक्षर खऱ्या अर्थाने फॉन्टमध्ये उतरलं.

दुसरा आक्षेप पोरकटपणाचा. गोल म्हणजे बाळबोध, आणि बाळबोध म्हणजे गांभीर्याला मारक. पण जपानमध्ये साध्या रस्त्यांवरच्या दिशादर्शक पाट्यांवर कित्येक वर्षं गोल टोकांचं अक्षर वापरलं गेलं आणि कुणी त्या पाट्यांना पोरखेळ म्हटलं नाही. गोलाई एकटी पोरकट नसते. गोलाई, फुगीरपणा, भडक रंग आणि नाचरी ओळ असं सगळं एकत्र आलं की तो सूर लागतो. तरीही आक्षेपातला एक भाग मी मान्य करतो. या अक्षराचा सूर सलगीचा आहे आणि तो बदलता येत नाही. श्रद्धांजलीच्या फलकावर किंवा न्यायालयाच्या पाटीवर तो विसंगत लागेल. शकुंतला एक्स्प्रेसच्या मूर्तिजापूर–यवतमाळ या अरुंद रेल्वेमार्गावरच्या पिवळ्या पाट्यांना सहसा सपाट टोकांचं काळं अक्षर असे आणि तेच योग्य होतं. स्टेशनची पाटी प्रवाशाला बोलावत नाही, कुठे आलात ते सांगते. कापडाचं दुकान, रसवंती, बालवाडी, दुर्गोत्सवाचं मंडळ यांना बोलवायचं असतं.

बोलावण्याच्या या कामात कायद्याचाही हात आहे. महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतली मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षरांचा आकार इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नये, अशी अट आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा दसरा-दिवाळीच्या तोंडावर पाट्या बदला, असाच त्याचा रोख होता. पण अट आकाराची आहे, जाडीची नाही. रोमन मोठी अक्षरं दहा इंच उंचीची आणि ठळक असली तर ती पूर्ण दहा इंच भरतात. मराठी नाव वेलांटी-उकारांसह दहा इंचांत बसवलं की मूळ अक्षराला सहा-सात इंच उरतात, आणि रेघ बारीक असली तर कायदा पाळूनही मराठी नाव दबकं दिसतं. यवतमाळच्या बाजारपेठेत रस्त्याच्या पलीकडून वाचायच्या पाटीवर चांगलं आखलेलं ठळक गोलाकार अक्षर ही तूट भरून काढतं. इथे त्याचं काम सजावटीचं नाही, बरोबरीचं आहे.

मग त्याचा अतिरेक होतो कुठे? दुर्गोत्सवातल्या फ्लेक्सवर. यवतमाळचा दुर्गोत्सव विदर्भात नावाजलेला. नवरात्रात शहरभर फलक लागतात. अशा फलकावर देवीचं नाव, मंडळाचं नाव, नेत्यांची नावं, वीस-पंचवीस शुभेच्छुकांची नावं आणि तळाशी कार्यक्रमांच्या वेळा, असं सगळं एकाच फुगीर अक्षरात बसवलेलं असतं. सगळेच एकदम हाका मारू लागले की एकही हाक ऐकू येत नाही. मंडळाचं नाव मोदकसारख्या अक्षरात आणि बाकी मजकूर मोकळ्या पोटाच्या साध्या अक्षरात ठेवला तर नाव दुपटीने उठेल. शुभेच्छुक रुसतील, हा व्यवहारातला खरा अडसर. अक्षरशास्त्राकडे त्यावर उतारा नाही.

सर्वांत कठीण आक्षेप वेगळाच आहे, आणि तो याच जिल्ह्यात उभा राहतो. हे अक्षर इतकं लाघवी आहे की ते कशालाही निरुपद्रवी दाखवू शकतं. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या घटनेची कारणं अनेक होती आणि अक्षर हे त्यातलं एक होतं असं म्हणणं वावगं ठरेल. पण कीटकनाशकाच्या डब्याचं वेष्टन हे नाव आणि मजकूर यांच्या वाटणीचं सगळ्यात निकडीचं उदाहरण आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार वेष्टनावर कोनावर उभा केलेला चौकोन लागतो. विषारीपणाच्या श्रेणीनुसार त्याचा खालचा भाग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो, आणि तो वेष्टनाच्या दर्शनी भागाच्या किमान एक-सोळांशाइतका असावा लागतो. उरलेल्या जागेत उत्पादनाचं नाव मोठं असणार हे उघड आहे. ते नाव गोल, ठळक, मैत्रीपूर्ण अक्षरात आलं आणि पंपाला किती मिली, वारा कोणत्या दिशेचा, हातमोजे कोणते हा मजकूर उरल्यासुरल्या जागेत बारीक झाला, तर वाटणी उलटी पडली. नाव घ्यायच्या अक्षराने इथे मागे राहावं.

इशारा तरी ठळक गोल अक्षरात द्यावा का? ठळक जरूर, पण गोल नको, आणि याला सुराखेरीज एक अक्षराच्या घडणीचं कारणही आहे. वऱ्हाडात कीटकनाशकाला सर्रास ‘औषध’ म्हणतात. औषध मारलं, औषध फवारलं. त्या शब्दात ष आहे आणि ध आहे, आणि ‘विष’मध्ये पुन्हा ष. ष ला प पासून वेगळं करते ती पोटातली एक तिरकी रेघ. जाडी आत सरकली की सर्वांत आधी त्या रेघेच्या दोन्ही बाजूंचं पांढरं जातं आणि लांबून प सारखा काळा गोळा दिसू लागतो. ध ची फट बुजून त्याचा घ होतो तो निराळाच. म्हणून त्या चौकोनाजवळच्या शब्दासाठी पोट मोकळं, टोकं सपाट आणि ष ची रेघ दुरून मोजता येईल इतकी स्वच्छ, असं अक्षर लागतं. वापरण्याच्या सूचना त्याच अक्षराच्या मध्यम जाडीत, शेताच्या बांधावर उन्हात डबा हातात धरून वाचता येतील एवढ्या आकारात हव्यात.